युरोपीय चित्रांतला जपान नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न असा आहे: मोने, मॅने, देगा, व्हॅन गॉग यांच्यावर जपानी चित्रांचा प्रभाव होता असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो चित्रात नेमका कुठे बघायचा? किमोनो आणि पंखे वगळले तर काही उरतं का? ही चित्रं एवढी सजावटी का वाटतात, आणि तसा परिणाम स्वतःच्या कामात आणायचा तर काय करावं लागतं?

सुरुवात किमोनोपासूनच करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. मोनेचं 1876 चं 'ला जापोनेज' बोस्टनच्या संग्रहालयात आहे. उंची जवळजवळ 232 सेंमी, रुंदी 142. मोनेची बायको कामीय लाल किमोनो घालून, सोनेरी केसांचा टोप लावून उभी आहे. मागची भिंत गोल पंख्यांनी भरलेली आहे, काही पंखे जमिनीवर पडलेत. जपानी वस्तू इतक्या आहेत की मोजता मोजता थकायला होतं. पण चित्राची बांधणी पाहा. जड कापडाच्या घड्या छायाप्रकाशाने उठवल्या आहेत, खालची जमीन मागे जाते, आकृतीला अंगभर गोलाई आहे. किमोनोवर भरतकामात काढलेला सामुराई तर कापडातून बाहेर येतोय असा रंगवलाय. ही पॅरिसच्या रीतीने काढलेली तसबीर आहे, फक्त कपडे जपानी आहेत.

आता देगाचं 1879-80 च्या सुमाराचं धातुपत्र्यावरून छापलेलं चित्र घ्या. लूव्र संग्रहालयातल्या चित्रदालनात त्याची चित्रकार मैत्रीण मेरी कॅसॅट पाठमोरी उभी आहे, छत्रीवर रेललेली. शेजारी एक स्त्री हातात पुस्तक धरून बसली आहे. एकही जपानी वस्तू नाही. पण चित्राचा आकार सुमारे 30 सेंमी उंच आणि जेमतेम 12-13 सेंमी रुंद आहे. जपानमध्ये घराच्या खांबावर लावायच्या अरुंद छापचित्रांची जी उभी ठेवण असायची, तीच ही. डाव्या बाजूचा मोठा हिस्सा दाराच्या संगमरवरी खांबाने अडवलाय, म्हणजे मुळात अरुंद असलेली जागा चित्रकाराने आणखी अरुंद केली. दोन आकृत्या एकमेकींवर येऊन त्यांची मिळून एकच बाह्याकृती झाली आहे. जपान इथे आहे.

म्हणून कुठल्याही चित्रापुढे पहिली कसोटी अशी लावावी: जपानी वस्तू मनातल्या मनात बदलून टाकायच्या. पंख्याच्या जागी ताटली, किमोनोच्या जागी पॅरिसचा झगा. तरीही चित्र वेगळंच वाटत राहिलं, तर प्रभाव रचनेत उतरलाय. नाहीतर तो कपाटातल्या सामानापुरता आहे.

तो रचनेत कसा उतरला, हे कळायला जपानी छापचित्र बनायचं कसं ते नीट समजून घ्यावं लागतं. कलेतिहासाच्या गप्पांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात, आणि खरी किल्ली नेमकी त्यातच आहे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाचित्र काढायचा. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा. कोरक्या त्या कागदातूनच कोरत जायचा, रेषा तेवढ्या उभ्या ठेवायच्या, बाकी लाकूड खणून काढायचं. मूळ चित्र त्यात नष्ट व्हायचं. या रेषेच्या ठशावरून काही प्रती काढून चित्रकार त्यांवर खुणा करायचा: इथे निळा, इथे हिरवा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. सगळ्या फळ्यांवर कागद अचूक त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच. रंग पाण्यात कालवलेला, त्यात थोडी तांदळाची खळ. फळीवर ब्रशने रंग लावायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि मागून चपट्या गोल घोटणीने घासायचा. छापयंत्र नाही.

या पद्धतीत काय घडतं ते पाहा. प्रत्येक रंगाला स्पष्ट कड असते, कारण ती लाकडात कोरलेली असते. रंगाच्या आत चढउतार नसतो. हवाच असेल तर छापणारा फळी ओली करून रंग एका बाजूला पुसत नेतो, आकाशाच्या वरच्या पट्टीत किंवा पाण्याच्या कडेला दिसतो तो उतार असा येतो. सावली दाखवायची तर तिच्यासाठी आणखी एक फळी कोरावी लागेल, म्हणजे प्रकाशकाचा आणखी खर्च. त्यामुळे बहुतेक वेळा सावली गाळली जाते. पाण्याचा रंग कागदात मुरतो, वर चकाकी राहत नाही. सपाट रंग, बंद आकार, सावलीचा अभाव, मंद पृष्ठभाग ही सगळी वैशिष्ट्यं हत्यारातून आणि हिशेबातून आली आहेत. जपानी चित्रकारांना खोली दाखवताच येत नव्हती, हे समजणं साफ चूक आहे.

उलट खोली त्यांना चांगलीच ठाऊक होती, आणि ती काही अंशी युरोपातूनच आली होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून जपानी छापचित्रांत एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचं युरोपीय यथार्थदर्शन वापरलं जात होतं. छापचित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेतला गडद निळाही युरोपात शोधलेला, प्रशियन ब्लू. 1830 च्या आसपास तो छापचित्रांत सर्रास दिसू लागला. होकुसाई आणि त्याच्याच काळातला हिरोशिगे यांनी युरोपीय यथार्थदर्शन घेऊन त्याची मोडतोड केली: जवळची वस्तू अवाढव्य, दूरची एकदम चिमुकली, मधलं अंतर गायब. पॅरिसच्या चित्रकारांना हे इतकं लवकर वाचता आलं, त्याचं एक कारण हे की त्या भाषेतले काही शब्द त्यांच्याच घरचे होते.

माल आला कसा, ते थोडक्यात. डचांचा नागासाकीतला व्यापार जुना होता आणि त्यांच्या सेवेतला डॉक्टर सीबोल्ड याने नेलेला जपानी संग्रह 1830 च्या दशकापासून लायडनमध्ये होता. 1858 च्या व्यापारी तहांनंतर वाट मोकळी झाली. 1862 चं लंडनचं आणि 1867 चं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन, पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावरची दुकानं, पुढे सीगफ्रीड बिंग आणि हायाशी तादामासा हे व्यापारी. चिनी मातीच्या भांड्यांना गुंडाळलेल्या कागदांतून ही चित्रं सापडली, ही गोष्ट लोकांना फार आवडते. पण चित्रकारांनी ती प्रामुख्याने दुकानांतून, पैसे मोजून, निवडून घेतली. मोनेच्या जिव्हर्नीच्या घरात दोनशेहून अधिक छापचित्रं आहेत. व्हॅन गॉगने 1886-87 च्या हिवाळ्यात बिंगकडून शेकड्यांनी घेतली.

त्यांच्या हातात काय पडलं, हेही महत्त्वाचं आहे. अठराव्या शतकातल्या हारुनोबू-उतामारो या छापचित्रकारांच्या प्रतींतले वनस्पतीजन्य रंग तोवर उडालेले असत. जुना फुलांचा निळा तर उजेडाने आणि दमटपणाने पार पिवळट-करडा होतो. त्यामुळे जपानी रंगसंगती म्हणजे फिकी, संयत, असा एका गटाचा समज झाला. दुसरीकडे व्हॅन गॉगसारख्यांकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली स्वस्त, ताजी छापचित्रं होती, काही सुरकुतवलेल्या कागदावरची, आयात कृत्रिम रंगांची, भडक लाल-जांभळी. लंडनमधला चित्रकार व्हिसलर याचा जपान करडा-निळा आणि व्हॅन गॉगचा लाल-पिवळा, यामागे स्वभावाइतकाच हातातल्या मालाचाही फरक आहे.

आता व्हॅन गॉगच्या 'फुललेली प्लमची बाग' या चित्राकडे जवळून बघू. हिरोशिगेच्या 1857 च्या कामेइदोच्या बागेच्या छापचित्रावरून त्याने ते 1887 मध्ये केलं. मूळ चित्र उभं, मोठ्या छापील कागदाचं, म्हणजे साधारण 36 बाय 24 सेंमी. पुढे प्लमच्या झाडाचं वाकडं खोड, इतकं जवळ की ते चौकटीच्या कडांनी कापलंय. फांद्यांच्या फटींतून मागे कुंपणापलीकडची माणसं किड्यामुंगीएवढी. व्हॅन गॉगने अर्धपारदर्शक कागदावर छापचित्राच्या रेषा गिरवल्या, त्यावर चौकोनांची जाळी आखली आणि तेच चौकोन मोठे करून कॅनव्हासवर उतरवले. तो गिरवलेला कागद ॲम्स्टरडॅममध्ये जपून ठेवलेला आहे. शाळेत चित्र मोठं करायला शिकवतात तीच पद्धत.

पण त्याचा कॅनव्हास 55.6 बाय 46.8 सेंमीचा होता, म्हणजे छापचित्रापेक्षा प्रमाणाने रुंद. उरलेल्या दोन्ही बाजूंना त्याने नारिंगी पट्टे टाकले आणि त्यांवर जपानी अक्षरं काढली. अक्षरांचा चित्राशी अर्थाने संबंध नाही. ती निव्वळ शोभेला आहेत. हे पट्टे म्हणजे किमोनोच. मधल्या चित्रात मात्र त्याने गंभीर काम केलंय. हिरोशिगेच्या खोडातला करडा-काळा काढून तिथे लाल आणि निळ्या छटा भरल्या. आकाशाचा लाल, पिवळा आणि गवताचा हिरवा एकमेकांना भिडवले. आकारांची मांडणी जशीच्या तशी ठेवली आणि रंगांची ताकद वाढवत नेली. बिघडलं कुठे, तेही दिसतं: तेलरंगाचा जाड फटकारा सपाट राहत नाही, त्याला दिशा असते, आणि हिरोशिगेच्या कागदातली शांतता त्यात टिकत नाही. हिरोशिगेच्याच पावसातल्या पुलाच्या छापचित्राची त्याने केलेली नक्कल पाहिली की हे आणखी जाणवतं. मूळ छापचित्रातल्या पावसाच्या केसासारख्या बारीक रेषा तेलरंगात जमणंच कठीण. त्याने त्या जाड केल्या आणि नदीच्या पाण्यालाही फटकाऱ्यांची हालचाल दिली.

म्हणून माझं ठाम मत आहे की या नकलांना व्हॅन गॉगच्या जपानी प्रभावाचा कळस मानू नये. तो सराव होता. फळ पुढच्या वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी आलं. ऑक्टोबर 1888 मधल्या शयनगृहाच्या चित्राबद्दल त्याने पत्रात स्पष्ट लिहिलंय की सावल्या काढून टाकल्या आहेत आणि रंग जपानी छापचित्रांसारखे सपाट लावले आहेत. पलंग, खुर्च्या, खिडकी. जपानी काही नाही. आणि 1890 च्या बदामाच्या बहरात तर जमीनही नाही: निळ्यावर फांद्या, बास.

दुसरं उदाहरण मेरी कॅसॅटचं, आणि तंत्राच्या दृष्टीने ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. 1890 च्या वसंतात पॅरिसच्या एकोल द बोझार्टमध्ये जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, सातशेहून अधिक चित्रांचं. ते पाहून कॅसॅटने दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. लाकूड तिने घेतलंच नाही. आपल्याला येत असलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच लाकडाचा परिणाम आणायचं ठरवलं. एका पत्र्यावर सुईने थेट ओरखडून बाह्यरेषा. तीच रेषा आणखी दोन पत्र्यांवर उतरवायची; एका चित्राला तीन पत्रे, त्यापेक्षा जास्त नाहीत. जिथे रंग हवा तिथे राळेची पूड बसवून आम्लाने पत्रा खरवडून घ्यायचा, म्हणजे तिथे शाई एकसारखी धरते आणि सपाट छटा छापली जाते. मग एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळे रंग हाताने भरायचे. प्रत्येक प्रतीला हे सगळं नव्याने. लेरॉय नावाच्या छपाई कारागिराबरोबर तिने प्रत्येक चित्राच्या 25 प्रती काढल्या. रंग दर खेपेला हाताने भरलेले असल्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात.

त्यातल्या तोंड धुणाऱ्या स्त्रीची उघडी पाठ पाहा. पाठीवर छटा जवळजवळ नाहीच, कागदाचाच रंग. मणक्याची एक रेष, खांद्याची एक रेष, आणि पाठीची सगळी गोलाई त्या दोन रेषांवर तोलली आहे. रेष जराशी चुकली असती तर पाठ फळीसारखी दिसली असती, कारण चूक झाकायला छायाप्रकाश नाहीच. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड, खाली नक्षीचा गालिचा, वर साधी भिंत. सपाट पाठ दोन नक्षींच्या शेजारी ठेवल्यामुळे ती उठून दिसते. सजावटीचा गुण म्हणतात तो हा. दागिना बाहेरून लावलेला नसतो. साधी जागा आणि नक्षीची जागा यांचा तोल साधलेला असतो.

सजावटी या शब्दाशी आपल्याकडे थोडी अडचण आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, संकल्पचित्राचा पेपर वेगळा आणि वस्तुचित्राचा वेगळा. एकात सपाट रंग आणि आकृतिबंध, दुसऱ्यात छायाप्रकाश. युरोपच्या अकादमीतही अशीच भिंत होती, फक्त तिथे एक बाजू थोर आणि दुसरी कारागिरी मानली जायची. जपानी वस्तूंनी ती भिंत हलवली, कारण पडदा, पंखा, थाळी, भिंत यांवर तिकडचे पहिल्या प्रतीचे चित्रकार काम करत. फ्रेंच छापचित्रकार ब्राकमाँने 1866 मध्ये होकुसाईच्या रेखाटनांतले मासे, पक्षी, किडे उचलून जेवणाच्या थाळ्यांसाठी कोरले. कागदावर छापून ती चित्रं कात्रीने कापायची, थाळीवर हव्या त्या ठिकाणी ठेवायची आणि भट्टीत कागद जळून जाऊन रेषा राहायची, मग हाताने रंग. चित्रं मध्यावर न ठेवता एका अंगाला, कडेवर चढलेली ठेवायची. देगाने रेशमावर पंख्याच्या आकाराची चित्रं केली आणि 1879 च्या प्रदर्शनात ती इतर चित्रांच्या बरोबरीने मांडली.

पुढच्या पिढीने याचं तत्त्वच केलं. चित्र हे घोडा किंवा स्त्री असण्याआधी एका विशिष्ट क्रमाने रंग मांडलेला सपाट पृष्ठभाग असतं, असं मोरिस देनीने 1890 मध्ये लिहिलं. त्याचा मित्र बोनार याने 1890-91 मध्ये बागेतल्या स्त्रियांचे चार उभे फलक केले, प्रत्येक 160 बाय 48 सेंमी. आधी त्यांचा घडीचा पडदा करायचा होता, नंतर ते सुटे ठेवले. एका स्त्रीच्या झग्याला चौकडी आहे. ती चौकडी शरीराच्या वळणाप्रमाणे वाकत नाही, घडीत मोडत नाही. झग्याच्या आकाराची खिडकी कापून मागे चौकडीचा कागद सरकवावा तशी ती सरळ आहे. तरीही आतलं शरीर जाणवतं, कारण बाह्यरेषा बोलकी आहे. व्ह्युयार बऱ्याच मोठ्या फलकांसाठी रंगभूमीच्या पडद्यांचं तंत्र वापरायचा: गरम सरसात कालवलेला कोरडा रंग. तो सुकल्यावर पूर्ण मंद होतो, भिंतीत मिसळतो. देगा तेलरंग शोषकागदावर ठेवून तेल निथळवायचा आणि टर्पेंटाइनने पातळ करायचा, तेही मंद पृष्ठभागासाठीच. चकाकी असली की नजर काचेतून आत गेल्यासारखी चित्रात शिरते. मंद रंगावर ती थांबते. चित्र भिंतीचा भाग वाटायला हवं असेल तर हे पहिलं पाऊल.

तुलूझ-लोत्रेकला शिळाछापात आयती सोय मिळाली, कारण तिथेही रंगागणिक वेगळा दगड. त्याच्या 1893 च्या 'दिव्हाँ जापोने' या पोस्टरमध्ये पुढे नर्तकी जान आव्रील काळ्या सलग आकारात आहे, आत घडी नाही की बटण नाही. मागे मंचावर गायिका उभी आहे आणि तिचं डोकंच चौकटीबाहेर गेलंय. ती ओळखू येते ती लांब काळ्या हातमोज्यांवरून. गोगँने 1888 मध्ये प्रवचनानंतरच्या दृश्याच्या चित्रात अख्खी जमीन शेंदरी केली आणि झाडाचं खोड तिरकं टाकून चित्राचे दोन भाग केले. क्षितिज नाहीच. क्षितिज वर ढकलणं किंवा काढून टाकणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत परिणामकारक डाव आहे: जमीन उभी राहते आणि मागचा पडदा बनते. मोनेने कमळांच्या तळ्यात शेवटी हेच केलं. म्हणजे किमोनोवाल्या मोनेपेक्षा तळ्याकाठचा म्हातारा मोने जपानच्या कितीतरी जवळ आहे.

दोन इशारे द्यायला हवेत. सपाटपणा दिसला की लगेच जपान म्हणू नये. फ्रेंच चित्रकार प्युव्ही द शाव्हानची भित्तिचित्रं, मध्ययुगीन रंगीत काचा, फ्रान्समधली स्वस्त लोकछापचित्रं यांतूनही तो आला, आणि गोगँसारख्याच्या कामात हे सगळं एकत्र आहे. दुसरं, कापलेल्या आकृत्यांचं श्रेय फोटोग्राफीला देण्याची सवय आहे. झटपट फोटो काढता येणारा कोडॅक कॅमेरा 1888 मध्ये आला. देगाच्या कापलेल्या आकृत्या 1870 च्या दशकातल्या. त्याआधीचे फोटो बहुतेक मांडून, मधोमध ठेवून काढलेले असत. छापचित्रं मात्र देगाच्या घरात होती.

आता करून पाहण्याविषयी. तेलरंग नकोत. पोस्टर कलर किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) घ्या, 300 ग्रॅमचा कागद पाण्याने भिजवून फळीवर गमटेपने ताणून घ्या. आकार मुद्दाम अडचणीचा निवडा: 15 बाय 45 सेंमी उभा. अशा पट्टीत काहीच पूर्ण मावत नाही, त्यामुळे काय कापायचं हे ठरवावंच लागतं. कापताना मनगट, गुडघा, मान अशा सांध्यांवर चौकट आणू नका, अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. मुख्य आकार निदान दोन कडांना भिडू द्या.

आधी बोटभर लांबीची कच्ची चित्रं फक्त काळा, करडा, पांढरा अशा तीन छटांत करा. इथे रचना उभी राहिली नाही तर रंग तिला वाचवणार नाहीत. मग ट्रेसिंग पेपरवर ब्रशने रेषा काढा आणि प्रत्येक आकार बंद आहे का ते तपासा. उघडा राहिलेला आकार म्हणजे तिथे तुमचा निर्णय झालेला नाही. आकारांना आकडे द्या, एकूण रंग पाच, कागदाचा पांढरा धरून. सावली टाकायचा मोह झाला तर तिला सहावा आकार म्हणून आखून बघा. बहुतेक वेळा ती लगेच नकोशी वाटते. निम्म्या वस्तूंना सावली आणि निम्म्यांना नाही, ही नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि त्याने सपाट भाग अपुरे राहिल्यासारखे दिसतात.

रंग एकदम पुरेसा कालवा; या आकाराच्या निम्म्या कागदाला दोन चहाचे चमचे पुरतात. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. दाटपणा ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा सैल. इंचभर रुंदीच्या चपट्या ब्रशने एका दिशेने, ओली कड पुढे नेत लावा आणि मागे वळून दुरुस्ती करू नका. पट्टे पडले तर रंग जास्त घट्ट किंवा ब्रश लहान आहे. डाग पडले तर पाणी जास्त. सुकल्यावर भेगा गेल्या तर थर जाड. दुसरा हात द्यायचाच तर पहिला पूर्ण सुकल्यावर, आडव्या दिशेने आणि झटपट, कारण डिंकामुळे खालचा रंग पुन्हा सुटतो. फिकट छटा सुकल्यावर किंचित गडद आणि गडद छटा किंचित फिकी होते, तेव्हा आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा. आकाशाचा उतार हवा असेल तर त्यात पांढरा मिसळू नका, खडूसारखा दिसतो. कागदाची पट्टी ओली करून वरच्या कडेला रंग द्या आणि स्वच्छ ओल्या ब्रशने खाली ओढा.

रेषा सगळीकडे सारख्या जाडीची काळी ठेवली की चित्र मरतं. कॅसॅटसारखी ती नाजूक ठेवा, जिथे दोन गडद आकार भेटतात तिथे गाळा, जिथे फिकटावर फिकट आहे तिथे जपा. नक्षी वेगळ्या कागदावर पट्टीने आखून, तीवर कपड्याची बाह्यरेषा ठेवून उतरवा, म्हणजे हात नकळत घड्यांच्या मागे जाणार नाही. एका चित्रात दोन नक्षी असतील तर एक बारीक आणि एक ठसठशीत, शेजारी साधी जागा. दोन्ही सारख्या मापाच्या असल्या की त्या एकमेकींशी भांडतात. निदान एक तृतीयांश कागद मोकळा राहू द्या, आणि त्या मोकळ्या जागेचा आकार स्वतंत्रपणे बघा: कात्रीने कापून काढला तर तो देखणा दिसेल का? नसेल तर वस्तू हलवा, मोकळी जागा भरू नका.

पडद्यासाठी काम करत असाल तर आधी जाड पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती घडी घालून टेबलावर उभी करा आणि तीन-चार जागांवरून पाहा. घडी पडली की प्रत्येक फलक अरुंद दिसतो आणि लगतचे दोन कोनात येतात. चेहरा किंवा हात बिजागरीवर आला तर तो मोडतो. प्रत्येक फलक एकटाही उभा राहिला पाहिजे.

पूर्ण झाल्यावर वार्निश लावू नका, सगळा मंदपणा जाईल. माउंट लावून काचेखाली ठेवा, म्हणजे रंग काचेला चिकटणार नाही. मूळ छापचित्रं बघायची असतील तर मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती खूप मोठी करून पाहता येतात, अगदी लाकडाचे रेषे उमटलेले दिसेपर्यंत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. त्या पाहताना वस्तूवरच्या चित्राआधी ते चित्र वस्तूवर कुठे ठेवलंय आणि किती जागा सोडलीय, ते पाहा.